‘डाय’वाला नंदू

हितेशचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांना कव्हरं घालत होते. हितेश उंबरगावचा, घरी गुजराती बोलणारा. विजेच्या सामानाचं दुकान चालवतो. म्हणाला, “ताई, आपला नंदू ऑफ झाला.” मला वाटलं, नंदूचा फोन लागत नसेल. चार्ज केला नसेल, संध्याकाळी बघ, असं म्हणून मी ठेवणार होते. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, “फोन नाही ताई. नंदू.” गुजरातीत माणूस गेला की ‘ऑफ झाला’ म्हणतात, हे इतकी वर्षं बोर्डीत राहून मला ठाऊक होतं. पण नंदूपुढे तो शब्द ठेवून पाहायची वेळ कधी आली नव्हती. दुपारी कामावर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि सेहेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

नंदू माझा मामेभाऊ. चिंचणीला डाय बनवायचा. डाय म्हणजे पोलादाचा ठसा. त्यावर सोन्याचांदीचा पत्रा ठोकला की कर्णफुलाची पाकळी किंवा बांगडीवरची वेल उमटते. आमच्या भागातली कितीतरी घरं या डायवर उभी राहिली. आठवडाभर तो भिंगाखाली छिन्नीने बारीक, एकसारखे घाव घालायचा आणि रविवारी त्याच हातांनी ड्रम बडवायचा. गिटारवर हितेश, बेस गिटारवर तलासरीजवळच्या वेवजी गावचा रमेश, आणि ड्रम वाजवत घोगऱ्या आवाजात ओरडून गाणारा हा. (त्या आवाजावर हितेशचं एकच मत होतं : खोकल्याचं औषध बदल.) तिघांनी वीसेक वर्षांपूर्वी हेवी मेटल बँड काढला आणि त्याला नाव दिलं ‘डाय’. मुंबईच्या एका स्पर्धेत निवेदन करणाऱ्या मुलाने त्या नावाचं फार कौतुक केलं. मृत्यूच्या डोळ्याला डोळा भिडवणारं नाव, असं काहीतरी तो बोलला. नंदूने माइक ओढून घेतला. “मरायचा काही संबंध नाही, भाऊ. आमच्याकडे डायवर पोट भरतं.” सभागृह हसलं आणि मग त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. बक्षीस मिळालं नाही. नंदूला त्याचं काही वाटलं नाही. त्याला हवं होतं ते मुंबईत मिळणारंच नव्हतं.

त्याला आपल्या माणसांपुढे, आपल्या मातीत एक गाणं पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत वाजवायचं होतं. एवढंच. पण डहाणूत दर वेळी कोणीतरी थांबवायचं. गणपतीच्या मांडवात दुसऱ्याच कडव्याला अध्यक्षांनी हात वर केला. एका स्नेहसंमेलनात मागून चिठ्ठी आली, नाचायला होईल असं वाजवा. एका लग्नात बँड म्हणजे वाजंत्री समजून बोलावलं होतं आणि नवरदेवाचा काका घोड्याजवळ त्यांची वाट पाहत उभा होता... नंदू या हकिकती रंगवून सांगायचा, पण सांगून झालं की झांजा पुसत बसायचा. ती वेळ बोलायची नसे.

त्यांची मराठी गाणी मी लिहिली, हे माझ्या शाळेत कोणाला सांगून पटलं नसतं. गेली काही वर्षं तलासरी-डहाणूच्या बाजूला भूकंपाचे धक्के बसतात. वेवजीची माणसं कित्येकदा घराबाहेर झोपली आहेत. त्यावर गाणं लिही, म्हणून रमेश मागे लागला होता. मी आठ दिवस खपून ‘धरणीकंप’ नावाचं एक लांबलचक गाणं लिहिलं. नंदूने ते शांतपणे वाचलं आणि म्हणाला, “ताई, ही धरणी पुस्तकात कापते. आमच्याकडे भुई हलते.” मला राग आला. घरी येऊन मी सगळं फाडलं आणि चारच ओळी ठेवल्या. पहिली होती, ‘हल गं भुई, आम्ही उभे.’

मागच्या हिवाळ्यात वेवजीच्या क्रिकेटच्या सामन्यांत, अंतिम सामना आणि बक्षीसवाटप यांच्या मधला अर्धा तास त्यांना मिळाला. दुपारचे चार वाजले होते. मैदानावर दोन संघ आणि वडेवाला, एवढेच श्रोते. आवाज तपासायला नंदूने पायाने वाजवायचा मोठा ड्रम सात-आठ वेळा वाजवला. डीजेच्या स्पीकरची खोकी इतकी मोठी होती की माझ्या खुर्चीचे पाय थरथरले. आणि मग पाड्यावरून माणसं धावत येताना दिसली. कडेवर पोरं, हातात पातेली, एक आजोबा अर्धी दाढी केलेले. मांडणीवरची भांडी वाजली तेव्हा सगळ्यांनी घरं सोडली होती. त्यांना वाटलं, भुई हलली.

रमेशची आई सगळ्यांत पुढे होती. तिने मुलाला तिथेच फैलावर घेतलं. नंदू खाली उतरला, हात जोडले, म्हणाला, मावशी, चूक झाली, बंद करतो. वर जाऊन तो झांजांचे स्क्रू सोडवू लागला. मी त्याच्याकडे पाहू शकले नाही. वीस वर्षं लोक त्याला थांबवत होते. त्या दिवशी तो स्वतःच थांबला होता, आणि तेच बरोबर होतं. ज्यांची झोप या हादऱ्यांनी उडवली, त्यांच्यापुढे तो तेच कसं वाजवणार? तेवढ्यात रमेशची आई पातेलं पालथं घालून त्यावर बसली. “एवढं पळवलंस, तं आता वाजव. घरात जाऊन तरी काय करू? परत हलली म्हंजे?”

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. गाव बाहेर आलेलंच होतं... नंदूने स्क्रू परत आवळले आणि ‘हल गं भुई’ सुरू केलं. दुसऱ्यांदा पहिली ओळ आली तेव्हा पोरांनी ती उचलली, तिसऱ्यांदा बायकांनी. ड्रमचा घाव पडला की सगळं मैदान पाय आपटून त्याला उत्तर द्यायचं. ज्या जमिनीवर ती माणसं जीव मुठीत धरून झोपली होती, तीच त्या दुपारी ती स्वतः हलवत होती. गाणं संपलं, शेवटच्या ठोक्यापर्यंत. बक्षीसवाटप राहिलं आणि तेच गाणं आणखी दोनदा झालं. परतीच्या वाटेवर बोर्डीला मला सोडताना नंदू एवढंच म्हणाला, “झालं, ताई.” मला तो सुखी माणसाचा आवाज वाटला. आजही वाटतो.

त्याचे दिवस झाल्यावर, तीनेक आठवड्यांपूर्वी, मी रमेशकडे वेवजीला गेले होते. आम्ही पडवीत बसलो होतो, त्याची आई नाचणी पाखडत होती. एकाएकी आत भांडी किणकिणली. कप बशीवर नाचला. मी ताडकन उठले, चपला शोधू लागले. म्हातारीने सूप काही खाली ठेवलं नाही. शेजारच्या अंगणातल्या बायकाही दोन पावलं बाहेर येऊन तिथेच थांबल्या, एकमेकींकडे बघून हसल्या. आता इथे असंच बोलतात, रमेश म्हणाला. काय बोलतात, ते मी विचारायच्या आतच म्हातारीने माझ्या पदराला धरून मला खाली बसवलं.

“बस गं बाय. नंदू हाय तो.”