उजवीकडचा आवाज

होम थिएटर बसवून दिलं त्या दिवशी कोणी खरं मत देत नाही. त्या दिवशी सगळे म्हणतात, "एक नंबर." घरात शेजारीपाजारी जमलेले असतात, चहा झालेला असतो, मुलं स्पीकरच्या जाळीला बोट लावून बघत असतात. खरं मत नंतर फोनवर येतं. दुकानाचा फोन मी उचलतो, म्हणून ते माझ्याच कानात येतं.

"भाऊ, हिरोचं बोलणं मुंगीवानी आयकू येते, अन् गाडी फुटली का फडताळातले भांडे पडते." हे बल्लारपूरचे एक गृहस्थ. "आवाज चांगला आहे जी, पण शेजारीण बोलत नाई आता माझ्याशी." या भद्रावतीच्या बाई. राजुऱ्याच्या एकानं सांगितलं, "घरात सिरियल पाह्यतात. रडणं चारही कोपऱ्यातून येते. मी बाहेर वट्ट्यावर बसून राह्यतो." मी सगळ्यांना हो जी, हो जी करतो. कोणी रागावलं नाही ना, एवढंच माझं लक्ष असतं.

आम्ही विकतो त्यातला मुख्य डबा म्हणजे रिसीव्हर. टीव्हीचा आवाज तो आत घेतो आणि खोलीतल्या स्पीकरांना वाटून देतो. बोलणं मधल्याला, पाऊस मागच्यांना, बाकीचं डाव्या-उजव्याला. कोणाला किती द्यायचं हे घराघरात वेगळं असतं. ते ठरवणं, म्हणजे आवाज बसवणं, हेच आमचं खरं काम. डबा विकणारी दुकानं चंद्रपुरात आणखी आहेत. आमच्याकडे माणसं येतात ती चाचांच्या कानासाठी.

चाचा म्हणजे दुकानाचे मालक. डब्याबरोबर एक छोटा माइक येतो. माणूस बसतो त्या जागी तो ठेवायचा, मग मशीन एकेका स्पीकरातून आवाज काढून आपलं आपण जुळवून घेतं. चाचांनी तो कधी प्लास्टिकमधून बाहेर काढू दिला नव्हता. "मशीन मशीनले विचारणार, अन् मानूस उभ्यानं पाह्यणार काय?" असं म्हणायचे. ते घरच्यांना विचारायचे, टीव्ही पाहाले कोण कुठी बसते? मग त्या जागी जाऊन बसायचे, डोळे मिटायचे आणि बोटानं खूण करायचे. रिमोट माझ्याकडे. बोट वर झालं की वाढवायचं, खाली झालं की कमी करायचं. वैद्यानं नाडी धरल्यावर घर जसं गप्प होतं, तसं घर गप्प व्हायचं. "बरोबर आहे," असं चाचा म्हणाले की सगळे श्वास सोडायचे. मीसुद्धा.

मी इथला नाही. माझं गाव सोलापूर जिल्ह्यात. शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे मीच जायचा थांबलो, कोणी का म्हणून विचारलं नाही. केबलसाठी नाल्या खणणाऱ्या टोळीबरोबर अहेरीच्या रस्त्याला आलो आणि मलेरियानं पडलो. मी दवाखान्यात असतानाच टोळी पुढं निघून गेली. शेजारच्या खाटेवर चाचांचा मेहुणा होता. चाची त्याच्यासाठी डबा आणायच्या, त्यातलं मलाही वाढायच्या. मेहुण्याला सुट्टी मिळाली त्या दिवशी चाचांनी मला विचारलं, "काय येते तुले?"

"नाली खणता येते."

"म्हणजे सरळ रेघ येते. चाल मंग, वायर ओढजो."

तेव्हापासून त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत राहतो. ईदला चाची मला कपडे घेतात, आणि दिवाळीत शेजारच्या घरून माझ्यासाठी चकल्या मागून आणतात. त्या चकल्या मी एकेक मोजून खातो. ज्याच्यावर उपकार झालेले असतात तो निवांत होतो, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. मी कप विसळतानाही बघतो, आवाज तर होत नाही ना.

गेल्या हिवाळ्यापासून चाचा मला उत्तर देईनासे झाले होते.

दुकानात ते काउंटरवर बसतात. माझं स्टूल त्यांच्या उजव्या हाताला, वायरींच्या रॅकजवळ. मी म्हणायचो, "चाचा, पांढरी वायर संपत आली." ते समोर बघत राहायचे. पुन्हा म्हटलं तरी तेच. तिसऱ्यांदा मोठ्यानं म्हटलं की दचकायचे. "वरडून काऊन राह्यला? बहिरा आहे का मी?" मग मी दिवसभर काही बोलायचो नाही. गाडीत मात्र ते मोकळे असायचे. व्हॅन चालवताना गप्पा मारायचे, हसायचे. मी समजायचो, गाडीत दुसरं कोणी नसतं म्हणून बोलावं लागतं.

त्यांचा भाचा वणीला आयटीआय करून रिकामा बसला होता. तो येणार असं घरात बोलणं चालू होतं. मी माझ्या चुका आठवून बघायचो. एकदा रिमोट गाडीखाली आला होता. एकदा चाचींच्या आईशी जोरात बोललो होतो. पण एवढ्यावरून माणूस बोलणं सोडेल असं वाटत नव्हतं, आणि दुसरं काही सापडत नव्हतं. गावाकडं परत जायचं तर माझ्या खोलीत आता भाऊ म्हशीची वैरण रचतो. मी सामान बांधलं नाही, पण कोणत्या पिशवीत बांधायचं ते ठरवून ठेवलं. इथपर्यंत आल्यावर भीतीसुद्धा वाटत नव्हती. दाढ दुखून दुखून बधिर होते, तसं काहीतरी.

त्याच महिन्यांत फोनवरची मतं एकसारखी व्हायला लागली. "उजवीकडचा जरा जास्तच आहे भाऊ." "उजव्या बाजूनं कोणी अंगावर आल्यावानी वाटते." मी सांगायचो, सोफा थोडा सरकवून बघा. मला वाटलं, कंपनीकडून आलेला मालच तसा असेल. पण मूल गावातल्या एका घरात तसाच डबा होता आणि तिथून तक्रार नव्हती. त्या वेळी चाचांना ताप होता म्हणून तिथं मी एकटा गेलो होतो. मला त्यांच्यासारखा कान नाही, म्हणून गुपचूप माइक लावून आलो होतो. हे दोन्ही मला माहीत होतं. पण मी ते शेजारी ठेवून बघितलं नाही.

मग अहेरीहून फोन आला. जंगल खात्यातून निवृत्त झालेले एक वनरक्षक, एकटेच राहतात, जंगलाचे कार्यक्रम बघायला त्यांनी हे घेतलं होतं. ते म्हणाले, "तुमचा वाघ खोटा आहे."

"म्हणजे कसा जी?"

"टीव्हीत वाघ डावीकडं चालून राह्यला, अन् आवाज उजवीकडून येऊन राह्यला. जंगलात असं झालं तर मानूस मरते."

मी हे सांगितल्यावर चाचांना राग आला नाही, उलट मजा वाटली. "चाल, वाघ पाहून येऊ," म्हणाले.

मोहाची फुलं वेचायचे दिवस होते. झाडांखालचा पाला जाळून जागा काळी केलेली, तिच्यावर टोपल्या घेतलेल्या बाया वाकलेल्या. चाचा वाटभर बोलत होते. अहेरीत पोचल्यावर ते वनरक्षकांच्या खुर्चीत बसले, डोळे मिटले. वाघाचा कार्यक्रम लावला. चाचांचं बोट वर झालं. उजवा, एक वर. मी वाढवला. बोट पुन्हा वर झालं.

वनरक्षक माझ्याकडे बघायला लागले. मी रिमोटकडे बघितलं.

ते चाचांच्या उजव्या बाजूला उभे होते. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद करायला लावला आणि विचारलं, "भाई, चहा घेता ना?" चाचांचे डोळे मिटलेले. उत्तर नाही. "भाई, चहा?" उत्तर नाही. वनरक्षक हलक्या पावलांनी खुर्चीमागून फिरून डाव्या बाजूला आले आणि तेवढ्याच आवाजात म्हणाले, "चहा घेता ना?"

"घेतो ना जी, काऊन नाई घेणार!" चाचा डोळे उघडून म्हणाले. "आता पाहा तुमचा वाघ. आला ना सरळ रस्त्यावर?"

"आला," वनरक्षक म्हणाले. "राहू द्या आता. लय झालं."

चाचा व्हॅन वळवत होते तेव्हा फाटकापाशी वनरक्षकांनी मला दंडाला धरून थांबवलं. "तुमच्या भाईले उजव्या अंगानं कोणी आलं तर समजत नाई. रस्त्यानं चालताना तू त्या बाजूनं राहत जाजो." बस्, एवढंच. जनावराची वाट दाखवावी तसं सांगितलं आणि आत गेले.

गाडीत मी नेहमीप्रमाणे चाचांच्या डाव्या हाताला बसलो आणि ते नेहमीप्रमाणे बोलायला लागले. हिवाळाभर ते माझ्यावर रागावलेले नव्हतेच. मी चुकीच्या बाजूला बसत होतो. खरं तर हलकं वाटायला हवं होतं. मी खिडकीतून बघत राहिलो. साग, साग, मधेच एखादं ऐनाचं झाड, पुन्हा साग. चाचांनी विचारलं, "आज गप्प काऊन?" मी म्हटलं, झोप येते.

कोणाला सांगायचं, हे कळेना. चाचांना सांगितलं तर काय सांगायचं? ज्या कानासाठी माणसं येतात तो गेला, असं? न सांगितलं तर फोन वाढत जाणार, आणि एक दिवस बाजारात कोणीतरी बोलून जाणार की चाचाले आता आयकू नाई येत. मग दुकान कशावर चालणार? दुकान नाही तर मागची खोलीही नाही. हा शेवटचा विचार आधी आला, हेही माझ्या लक्षात आलं. तरी काही वाटलं नाही.

नंतरचं काम माजरीला होतं, कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये. उन्हाळा लागला होता, कूलर जोरात. बाईंनी आल्याआल्या सांगून टाकलं, "माझ्या खुर्चीवरून बसवा. हे तं ड्युटीवरच राह्यते, अन् घरी आले का झोपते."

"अन् घेतलं कोनं?" नवरा म्हणाला.

"घेतलं तुमी. पाह्यणार मी."

चाचा हसत खुर्चीकडे निघाले. तेवढ्यात मी प्लास्टिक फाडून माइक बाहेर काढला. "कंपनीचा नवीन नियम आहे," मी म्हणालो. "माइक लावल्याशिवाय गॅरंटी मिळत नाही." असा काही नियम नव्हता. चाचा अर्ध्या वाटेत थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून वायर सोडवत होतो.

"नियम असंल तं लाव," ते म्हणाले.

माइक कानाच्या उंचीवर हवा, म्हणून बाईंनी तांदळाचा डबा दिला, त्यावर आणखी एक. कूलर बंद, पंखा बंद. आम्ही सगळे भिंतीला टेकून घामाघूम उभे. डाव्या स्पीकरातून आवाज आला, हुप्. मग उजव्यातून, हुप्.

"माकड आलं का बे घरात?" नवरा म्हणाला.

"चुप बसा ना! तुमचं बी मोजून घेईन ते."

मशीननं मोजणी रद्द केली, खोलीत आवाज आहे म्हणून. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी चाचांनी ओठांवर बोट ठेवलं आणि नवऱ्याकडे रोखून बघितलं, तेव्हा कुठं झालं.

मी कूलर लावला. पण बाईंचं समाधान नव्हतं. "भाई, तुमी बसून सांगा. मशीनचं आमाले काय समजते?"

चाचा खुर्चीत बसले. मी एक सिनेमा लावला, त्यात बाजार होता, चारही बाजूंनी माणसं. चाचांनी डोळे मिटले. त्यांच्या उजव्या बाजूचा अर्धा बाजार रिकामा असणार, हे त्या खोलीत मला माहीत होतं, आणि मघाच्या त्यांच्या बघण्यावरून वाटलं, त्यांनाही. मांडीवरचं बोट थोडं उचललं गेलं. माझा अंगठा रिमोटवर गेला. मग ते बोट त्यांनी दुसऱ्या हाताखाली ठेवलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आता कोनी हात नका लावू याले."

बाईंनी श्वास सोडला. चहा आला.

भद्रावती मागं पडली. मग चाचा म्हणाले, "कंपनीचा नियम कधी आला?"

"आत्ताच."

"मंग सगळ्या घरी माइक लावा लागंल. जुन्याही."

"हो."

"अन् मी काय करू?"

"शेवटी बसायचं. तुम्ही बसल्याशिवाय लोकांना पटत नाही."

एक ट्रक गेला. कोळशाची धूळ काचेवर बसली, त्यांनी वायपर फिरवला. "खोटं बोलताना तुझा आवाज बदलते," ते म्हणाले. "तेवढं आयकू येते मले अजून." मग गियर बदलत म्हणाले, "भाचा येऊन राह्यला. त्याले माइक लावणं शिकवजो." मी हो म्हणालो. शिकवून झाल्यावर माझं काय, हे विचारायचं धाडस झालं नाही.

सकाळी दुकान उघडायला गेलो तर शटर आधीच वर होतं. माझं स्टूल काउंटरच्या डाव्या बाजूला होतं आणि वायरींचा रॅकही ओढत तिकडे आणलेला होता. जड रॅक आहे. फरशीवर ओरखडे उठले होते.

"तिकडं पाल पडते वरून," चाचा म्हणाले.

काही दिवसांनी माजरीच्या बाईंचा फोन आला. मी ऐकून घेतलं, हो जी म्हटलं, ठेवला. मग साध्या आवाजात म्हणालो, "चाचा, माजरीचा फोन होता."

"काय म्हणते?"

"कूलर लावला की काहीच ऐकू येत नाही म्हणे."

"अन् बंद केला तं?"

"बंद केला की उकाड्यानं बसवत नाही."

चाचा हसले. "मंग त्याले आपन काय करू?" म्हणाले, आणि मला पांढरी वायर कापायला सांगितलं.