एक कोयता

लोक मुलासाठी झुरतात, गोजरबाई सुनेसाठी झुरायची. पाथर्डीकडच्या वस्तीवर ती एकटीच. मुलगा बन्सी आणि सून चांगुणा ऊस तोडायला कोपरगावकडं गेलेले. बन्सीचं काही विचारलं की म्हणायची, "त्यो काय, गडीमानूस." चांगुणाचं नाव निघालं की डोळ्यांना पदर लावायची.

मी तिथं गेलो त्र्याहत्तरच्या जानेवारीत, पाहणीचे अर्ज भरायला. पुण्याच्या एका संस्थेत संगणक आला होता. आमचे आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर चढवायचे आणि मशीन सांगणार, पाऊस नाहीच झाला तर कुठली माणसं कुठं जातील, दुष्काळी कामावर किती येतील. मी नगरचा बी.ए., त्यात संगणकाचा माणूस. डोक्यात हवा गेली नसती तरच नवल.

"मावशी, घरात माणसं किती?"

"तीन."

"बाहेर किती गेलीत?"

"एक कोयता गेलाय की."

मी लिहिलं, बाहेर एक. म्हणजे घरी दोन.

मार्चमध्ये पुण्याहून चिठ्ठी आली. मशीनच्या हिशेबात आमच्या भागात घरोघर बायका होत्या आणि खडी फोडायला मात्र येत नव्हत्या. आमचे साहेब म्हणाले, आळशी दिसतात. मी गावच्या पाटलांना विचारलं, तर ते पोट धरून हसले.

"आवो, नवरा-बायकू मिळून एक कोयता! येकटा गडी असला तर अर्धा."

शंभरावर बायका मी न विचारता घरी बसवल्या होत्या. लाज वाटली. अर्ज दुरुस्त करत करत शेवटी गोजरबाईच्या दारात आलो.

"मावशी, माझी चूक झाली. मशीनच्या हिशेबात तुमची चांगुणा घरीच आहे."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती जवळ सरकली.

"घरी हाय?"

"कागदावर."

"आन काय करती?"

"तसलं काही लिहिलेलं नसतं, मावशी."

तिनं अर्जावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या की तिला. परत त्या उसाच्या पाचटात कशाला धाडताय?"

मला त्या बाईची फार दया आली, पण मी 'घरी'पुढचे दोन खोडून एक लिहिलं. गोजरबाईला वाचता येत नव्हतं. तरी तिनं तोंड फिरवलं.