डावा पाटा

त्या चेअरमनचं नाव मी घेत नाही. भीती कधीच गेली, पण सकाळी सकाळी तोंड कडू कशाला करून घ्यायचं? लोहाऱ्याकडच्या एका दूध सोसायटीचा तो चेअरमन होता आणि मी सोसायटीच्या जीपचा ड्रायव्हर. तो वारला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं अशी रीत आहे. मला ती जमत नाही.

जीप लष्कराच्या लिलावातून आणलेली, डाव्या हाताच्या स्टेअरिंगची. रोज सकाळी पाच-सहा गावांचे दुधाचे कॅन गोळा करून मी ते शीतकरण केंद्रावर पोचवायचो. सगळ्यात शेवटी नाल्यापलीकडची एक वाडी लागायची. माझी थोरली बहीण त्या वाडीत दिलेली. मेहुणे कधीच वारले होते, पदरात दोन लेकरं, आणि दावणीला एक संकरित गाय. आक्काचं घर त्या गाईवर चालायचं. वाडीतल्या आणखी दहा-बारा घरांचीही तीच गत.

ऐंशीच्या दशकातला तो दुष्काळ. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही. वाडीची विहीर आटली, तशा बैलगाड्या टिपाडं घालून दिवसभर नाल्याच्या वाटेनं पाण्याच्या खेपा करू लागल्या. चाकांच्या लोखंडी धावांनी चाकोऱ्या गुडघाभर खोल गेल्या आणि मधला उंचवटा जीपच्या पोटाला घासायला लागला. दोनदा गाडी तिथं अडकून बसली, दोन्हीदा उन्हात दूध नासलं. चेअरमननं मला बोलावून सांगितलं, "आनखी एकदा असं झालं तर वाडीचं दूध बंद. सोसायटी काय तुज्या बहिनीसाठी काढली न्हाय."

मी म्हटलं, "साहेब, गाडी उचलून घेऊ. कमानपाटे दुरुस्त केले की पोट घासणार न्हाय."

कमानपाटे म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या. सगळ्या गाडीचा भार त्या चाकावर तोलून धरतात. माझं म्हणणं त्याला पटलं. मात्र सामान निवडायला मला एकट्याला पाठवणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून तोही सोलापूरला निघाला. बैल पारखण्यात आपला हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्या जोरावर तो विहिरीची मोटर पारखायचा, सोसायटीतला कारकून पारखायचा, आणि आता जीपचे पाटे पारखणार होता.

सोलापुरातल्या जुन्या सामानाच्या बाजारात एक म्हातारे मिस्त्री होते. हयात पाट्यांच्या भट्टीपुढं गेलेली. त्यांनी गाडीखाली सरपटत जाऊन सगळं पाहिलं आणि आम्हाला नीट समजावून सांगितलं.

"पाट्याची टोकं गाडीला टांगनारे शॅकल लांब घातले तर काम झटपट होतंय, पन गाडी डुलती. टायर मोठे घातले तर वळताना घासत्यात. खरा इलाज पाट्याचा. हेच पाटे भट्टीत घालून कमान चढवतो, परत्येक चाकाला येक पाटा वाढवतो. शॉकअप तेवढे लांब घ्या. चार बोटं उचलंल गाडी."

ऐकून मला बरं वाटलं. चार बोटं पुष्कळ झाली. मिस्त्रींनी पुढचे पाटे सोडवून जमिनीवर मांडले, आणि तिथंच घात झाला. डाव्या बाजूला उजवीपेक्षा एक पाटा जास्त होता.

चेअरमननं बोटानं मोजलं. "ह्यो जादाचा कशाला?"

"डावी बाजू हाय साहेब," मिस्त्री म्हणाले. "डायवर तिकडं, पेट्रोलची टाकी त्याच्या बुडाखाली. डाव्या अंगावर वजन जास्ती. फौजवाल्यांनी समजून-उमजून दिलाय त्यो. काढू नका."

चेअरमन मोठ्यानं हसला. मग उकिडवा बसला आणि बाजारात बैलांची उंची घेतात तशी दोन्ही पाट्यांची वितीनं उंची घेतली. "जोड अशी असती व्हय? येक उंच, येक ठेंगना? असली जोड औताला तरी चालंल का? लिलावात फसवलंय आपल्याला. काढा त्यो. दोन्ही बाजू सारख्या करा."

मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचं बरोबर होतं हे मला कळत होतं. चार वर्षं मी ती गाडी चालवत होतो, तिचं वजन कुठं बसतं हे माझ्या मांड्यांना माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "साहेब म्हनत्यात तसं करा."

मिस्त्रींनी तो पाटा काढून बाजूला ठेवला आणि भट्टी पेटवली. काढलेला पाटा चेअरमननं गाडीत टाकून आणला आणि गावच्या लोहाराकडून त्याचे दोन कोयते करून घेतले. पोलाद चांगलं होतं म्हणे.

परतीच्या वाटेवर जीप अगदी सरळ चालली. चालणारच. डाव्या बाजूला मी काटकुळा, उजव्या बाजूला हा पोत्यासारखा बसलेला. अणदूरला चहाला थांबलो, तर त्यानं लांब उभं राहून गाडी बघितली आणि म्हणाला, "बघ, कशी नजरंत भरती." उंच झालेली जीप दिसत मात्र खरोखर रुबाबदार होती. तेवढ्यानं मीही खूश झालो, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी एकटा वाडीला गेलो. पोट कुठंच घासलं नाही. आक्कानं गाडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं आणि मला दोन भाकरी जास्त बांधून दिल्या. पण शेजारची जागा रिकामी असली की गाडी डाव्या अंगाला कलायची आणि ब्रेक मारला की डावीकडं ओढायची. मी चेअरमनला सांगितलं. तो येऊन बसला, चक्कर मारून आला आणि म्हणाला, "सरळ तर हाय. तुज्या बसन्यातच खोट हाय."

पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. शेवटी मी माझी अक्कल चालवली. नाल्यातल्या वाळूनं एक पोतं भरलं आणि उजव्या सीटवर ठेवलं. गाडी सुतासारखी सरळ चालू लागली. आठ दिवस मी सुखात होतो. मग एका सकाळी चेअरमन सोसायटीच्या दारात जीपमध्ये बसायला आला आणि आपल्या जागेवर पोतं बघून जागीच थांबला.

"हे काय?"

"वजनाला ठेवलंय साहेब. तुमी नसता तवा."

ओट्यावर बसलेले दोघे-तिघे फिस्सकन हसले. मी चिडवायला बोललो नव्हतो, खरं तेच सांगितलं होतं. त्याचा चेहरा असा झाला की मला तेव्हा धडकीच भरली. पोतं त्यानं स्वतः ओढून खाली टाकलं. "माज्या जागेवर परत काय ठिवलंस तर गाडीची चावी ठिवून घरी जायचं."

मी पोतं परत ठेवलं नाही. नाल्याजवळ आल्यावर ठेवता आलं असतं, कोण बघणार होतं? पण मी घाबरट होतो, आणि घाबरट माणसाला एकांतातही साहेब दिसतो.

चौथ्याच दिवशी वाडीचे कॅन घेऊन मी नाल्यात उतरत होतो. समोरून पाण्याची बैलगाडी आली. ब्रेक मारला, गाडी डावीकडं ओढली गेली, उजवं चाक एका धोंड्यावर चढलं आणि जीप हळूच आडवी झाली. मला कोपराला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. कॅनची झाकणं मात्र उडाली. कोरड्या वाळूनं ते दूध बघता बघता पिऊन टाकलं. वाडीतली माणसं धावत आली आणि नुसती उभी राहिली. कुणी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुपारी चेअरमननं कचेरीत बोलावलं. समोर कारकुनानं लिहिलेला कागद होता.

"हे बघ," तो म्हणाला, "गाडी माज्या हातानं, माज्या नजरंखाली केल्याली. गाडीत खोट न्हाय. मग खोट तुज्यात हाय न्हायतर रस्त्यात. तुज्यात आसंल तर उद्यापासून येऊ नगस. रस्त्यात आसंल तर खाली सही कर."

कागदावर लिहिलं होतं की नाल्याचा रस्ता वाहनास पूर्णपणे अयोग्य असून तिथून दूध आणणं शक्य नाही, असा चालकाचा अनुभव आहे. मी तो दोनदा वाचला. वाडीचं दूध बंद करायला त्याला माझी सही हवी होती, म्हणजे वाडीवाल्यांनी जाब विचारलाच तर दाखवायला माझं नाव तयार. सगळं कळत होतं. घरी बायको होती, म्हातारे आईबाप होते. त्याच्याच पेनानं मी सही केली.

महिन्याभरात वाडीतल्या बहुतेक गाई बाजारात गेल्या. आक्कानं आपली विकली नाही. मी तोंड दाखवायला गेलो नाही आणि तिनंही निरोप धाडला नाही. मग एक दिवस डांबरी रस्त्यानं केंद्राकडं जाताना नाल्याच्या फाट्यावर ती उभी दिसली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दुधाची कासंडी. मी गाडी थांबवून खाली उतरलो आणि भांडं घ्यायला हात पुढं केले. तिनं माझे हात बाजूला सारले, स्वतःच कासंडी उतरवली आणि कॅनमध्ये दूध ओतलं.

"आक्का, रोज एवढ्या लांब चालत येनार?"

तिनं कासंडी उपडी करून शेवटचा थेंब झटकला. "रस्ता खराब हाय म्हनून तू लिवून दिलंस न्हवं?" ती म्हणाली. "वाडीत समद्यांनी वाचला त्यो कागद. त्याच रस्त्यानं म्या आले, रिकाम्या पोटी, डोक्यावर दूध घिऊन. येक थेंब सांडला न्हाय."

मी कॅनचं झाकण बसवलं. ती वळली आणि चाकोरीतून वाडीकडं चालू लागली. पावसाळा येईपर्यंत ती रोज त्या फाट्यावर येत राहिली, आणि माझ्याशी बोललेलं ते तिचं त्या वर्षातलं शेवटचं बोलणं.