बोर्डाच्या पाठीवरचं दव

माझी शाळा सातवीतच सुटली, पण शाळेतली एक सवय सुटली नाही. मास्तरांनी "समजलं का?" विचारलं की सगळ्यांच्या आधी मान हलवायची. सोलापूरकडच्या आमच्या विणकरांच्या घरातून नवऱ्यामागे नागपूरला आले, तेव्हा ट्रंकेबरोबर ती सवयही आली.

नवरा ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. प्रताप नगरात आम्ही ज्यांच्या मागच्या खोलीत राहायचो, ते सर कॉलेजातून निवृत्त झालेले. पुढच्या खोलीत रेडिओ, टीव्ही दुरुस्त करायचे. शहरात संगणक येऊ लागले तशी त्यांचीही कामं घेऊ लागले. तुटलेला धागा जोडायची माझ्या बोटांची सवय बघून त्यांनी मला सोल्डरिंग शिकवलं. परक्या गावात कुणीतरी आपल्या हातात काम दिलं, याचं मला इतकं अप्रूप होतं की चुकायची धास्ती जेवतानाही जायची नाही.

एका मे महिन्यात पुण्याचे एक साहेब संगणकाचा मुख्य बोर्ड घेऊन आले. बर्फाळ डोंगरावरच्या यंत्रात तो बसवायचा होता. कडाक्याच्या थंडीत टिकतो का, ते सरांनी दाखवायचं. टिकला तर असे सगळे बोर्ड आमच्याकडे तयार व्हायला येणार. सरांनी मला सांगून ठेवलं होतं, "हे काम आलं तर तू पक्की. नाही तर मी हे सारं बंद करतो न् मुलाकडे जातो." म्हणजे माझं काम जाणार आणि खोलीही.

गुरांच्या कृत्रिम रेतन केंद्रातून सरांनी द्रवरूप नायट्रोजन मागून आणला. बोर्डावरच्या मुख्य चिपवर तांब्याचा पेला बसवायचा आणि त्यात तो ओतायचा. त्याआधी चिपच्या भोवती फोम लावायचा, फटीत खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी दाबून भरायची, आणि बोर्डाची पाठही तशीच बंद करायची. हे काम माझं.

"कुठूनच हवा जाऊ द्यायची नाही," सर म्हणाले. "नाही तर पाणी सुटते. समजलं काय वं?"

"समजलं."

मला समजलं होतं ते माठाचं. माठात पाणी भरलं की ते आतून झिरपतं आणि माठ बाहेरून ओला होतो. तसंच हे थंडगार पेल्यातून झिरपणार, ते चिपवर जाऊ नये म्हणून ही लांबी. म्हणून पेल्याभोवती मी ती अशी भरली की मुंगी शिरली नसती. पाठीला मात्र नुसता फोम ठेवला, कडा मोकळ्याच. पेला वरच्या बाजूला, झिरपलेलं लांबीतच अडणार, बोर्डातून पाठीला कशाला जातंय?

सरांनी त्या दिवशी कूलर बंद ठेवायला लावला होता. साहेबांचा शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. मला वाटलं, पाहुणा माणूस, काय म्हणेल? आमच्याकडे उन्हाळ्यात सूत तुटू नये म्हणून मागाच्या खोलीत पाणी शिंपडतात. मी बादली घेतली, खिडकीला लावलेली खसाची ताटी भिजवली, फरशीवरही दोन तांबे शिंपडले. कूलर बंदच होता. सांगितलेलं मी मोडलं नव्हतं.

"वा, काय गार वाटतंय!" साहेब म्हणाले. मी खूश.

सर ओतण्यात गुंग होते. पेल्यातून पांढरा धूर खाली उतरत होता, बोर्डाला जोडलेल्या पडद्यावर हिरवे आकडे पळत होते. थोड्या वेळानं आकड्यांच्या जागी भलतीच चिन्हं आली, मग पडदा काळा झाला. सरांनी बोर्ड काढून उलटा केला. पाठ पांढरी झाली होती. बघता बघता तो पांढरेपणा विरघळला आणि सोल्डरच्या ठिपक्या-ठिपक्यावर दव उभं राहिलं.

सरांनी मोकळ्या कडा पाहिल्या. मग ओली ताटी पाहिली, फरशी पाहिली. तेवढ्यात काकू, सरांच्या पत्नी, दारात आल्या. "अवं माय, हे पाणी काहून टाकून राहिली वं? तुझा माग बसला काय इथं?"

साहेब हसले. मी म्हणाले, "मीच टाकलं."

"चूक माझी आहे," सर साहेबांना म्हणाले. "मी इले समजलं काय म्हणून विचारलं, पण काय समजलं ते नाही विचारलं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रडून मोकळी झाले असते.

साहेबांनी मुक्काम वाढवला. सरांनी बोर्ड स्पिरिटनं धुतला, आणि काकूंनी तो गच्चीवर कुरडयांच्या शेजारी, त्याच पातळ धोतराखाली, वाळत ठेवला. "दोन्ही कडक झाले पाहिजे," म्हणाल्या. मी दिवसभर कावळे हाकत बसले. खाली जायचं तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोर्ड चालू झाला. सरांनी स्टीलच्या गडव्यात बर्फ टाकून माझ्यासमोर ठेवला. बाहेरून थेंब धरले. "हे पाणी कुठून आलं?"

"झिरपलं."

"स्टीलमधून?"

साहेब ऐकत होते, काकूही.

"हवेतलं आहे ते. हवेत पाणी असतेच, गार वस्तूले लागलं की थेंब होते. म्हणून हवा आत जाऊ द्यायची नाही, न् खोलीत पाणी टाकायचं नाही. समजलं काय वं?"

मान हलायला लागलीच होती. मी ती धरली.

"नाही," म्हटलं. "हवेत पाणी असतं तर दिसत का नाही?"

कान तापले. काकू हसतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "मलेही नाही समजलं, जी. सांगा एकदा अजून."

सरांनी खुर्ची पुढं ओढली, गडवा कोरडा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानंतर मी बोर्डाची पाठ बंद केली, कडेकडेनं, पेल्याइतकीच. संध्याकाळी धूर उतरत राहिला आणि हिरवे आकडे पळत राहिले. काम आमच्याकडे आलं, खोलीही राहिली. साहेब जाताना मला म्हणाले, "छान केलंत." मी ताटीकडे बघत होते. ती कोरडी ठणठणीत होती, आणि तिच्याकडे बघून मला अजून एकदा मेल्याहून मेल्यासारखं झालं.