वर विश्वास, खाली मी

पुलाच्या साईटवर चार वर्षं काढली की सिमेंटची पोती आणि किस्से, दोन्ही ठेवायला जागा पुरत नाही. त्यातले काही आज इथं उतरवून टाकतो.

कडेगावच्या बाजूला येरळा नदीवर आम्ही पूल बांधला. पिअर, म्हणजे नदीच्या पात्रात उभे राहून पूल पेलणारे खांब, माझ्याकडं. वरचे गर्डर, स्लॅब, कठडा विश्वासकडं. दोघं एका कॉलेजचे, एका हुद्द्याचे. पण तो वर, मी खाली!

*

रहिमतपूरला आईला फोन केला. "आई, आज पहिला पिअर झाला!"

"पेरा झाला? ह्या दिवसांत काय पेरलंस रं?"

"अगं, पिअर! पुलाचा खांब. वरचं सगळं वजन खाली खडकापर्यंत पोचवतो तो."

"असं व्हय! आन् वरचं कोन करतंय?"

"विश्वास."

"हुशारच हाय पोरगं!"

*

मी सात महिने चिखलात पाया खोदत होतो, तेव्हा बघायला फक्त म्हशी यायच्या. विश्वासचा पहिला गर्डर क्रेननं उचलला, तर सगळं गाव मोबाईल वर करून उभं!

खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, अडकू दे रं जरा!

गर्डर माझ्या पिअरवर अलगद बसला. वरून विश्वास ओरडला, "संपत, तुझी लेव्हल लय करेक्ट हाय गड्या!"

म्हणजे अडकला असता, तर माझ्याच चुकीनं अडकला असता!

*

त्या दिवशी विश्वासनं गर्डरवर उभं राहून काढलेला फोटो स्टेटसला टाकला. पहिला बदाम कुणाचा? माझ्या बायकोचा!

"अगं, त्याच्या पायाखालचा खांब माझा आहे!"

तिनं फोटो मोठा करून पाहिला. "खांब कुठाय? कापला गेलाय की ओ!"

*

गावात एक रिटायर सुभेदार, तात्या. एकदा मी दोन नंबरच्या पिअरपाशी चिडून उभा होतो. एका बाजूला क्लासची जाहिरात चिकटवलेली, दुसऱ्या बाजूला म्हैस पाठ घासतेय!

तात्या म्हणाले, "आवं सायेब, चिडताय कशाला? वर काय हाय? नुसता रस्ता. खाली सावली हाय, पुराचं पानी कुठवर आलं त्याची खूण हाय, म्हशीची सोय हाय. खरा उपेग खांबाचाच!"

माझी छाती फुगली.

जाता जाता तात्या वळले. "लय झ्याक बांधलेत खांब, इश्वास सायबानं!"

*

उद्घाटनाला मांडव पुलावरच. विश्वासला फेटा आणि पहिल्या रांगेत खुर्ची. मला गर्दीत उभं राहायला जागा. डोकंच फिरलं! लाल ऑइलपेंटचा डबा घेतला, खाली उतरलो आणि चौथ्या पिअरवर हातभर अक्षरांत स्वतःचं नाव लिहायला लागलो.

'सं' झाला, तेवढ्यात वर प्रमुख पाहुण्यांनी माईकवरून विचारलं, "हा भार पेलणारे खांब कुणी उभे केले?"

विश्वास खुर्चीतून उठला आणि कठड्याशी आला. "आमच्या संपतनं! त्यो काय सायेब, खालीच हाय!"

अख्खा मांडव कठड्यावरून वाकला. फोटोग्राफरसकट. माझ्या हातात ब्रश.

"काय करतायत ते?" पाहुण्यांनी विचारलं.

विश्वासनं एकदा 'सं'कडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"पिअरला नंबर टाकतोय, सायेब!"

टाळ्या पडल्या. मग काय, बाकीच्यांवरही नंबर टाकणं आलं. कधी त्या पुलाखाली गेलात तर वाचा. एक, दोन, तीन, सं, पाच.