दुसरा बगळा

रविवार, अक्षय्य तृतीयेनंतरचा. वेळ दुपारची. जागा माझं घर, सिंदी मेघे. हजर: मी आणि शेजारच्या वहिनी. गैरहजर: कूलर. तो मुद्दाम बंद ठेवला होता.

कूलरचं आधी सांगते. शिक्क्याची शाई ओली असतानाच तिच्यावर एक बारीक पावडर टाकायची असते. जास्तीची झटकली की ठशावर चिकटलेली तेवढी उरते. मग कागद उलट्या ठेवलेल्या तापल्या इस्त्रीवर जरा उंच धरायचा. पावडर वितळते आणि चित्र कागदावर फुगून उभं राहतं, चकाकतं. कूलर किंवा पंखा चालू असेल तर पावडर घरभर होते. म्हणून वर्ध्याच्या ऐन मे महिन्यात आम्ही दोघी दर रविवारी सगळं बंद करून घामाघूम बसायचो.

मी एका कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. शिक्का मारणं हेच माझं काम. आई गेल्यानंतर रविवार मोठे वाटू लागले. म्हणून मी खोडरबर कोरून फुलापानांचे शिक्के करू लागले. एकदा वहिनी दही मागायला आल्या आणि माझा पसारा पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"दिवसभर कचेरीत शिक्के, घरीबी शिक्केच! तुले सपनातबी शिक्केच दिसत असन वं."

दही राहिलं आणि त्या बसल्या. तेव्हापासून वाटणी ठरली ती कायमची: मी शिक्का मारायचा, त्यांनी पावडर टाकायची, इस्त्रीवर मी धरायचं. भाऊबीजेची पाकिटं, हळदीकुंकवाच्या वाणाच्या डब्या, बारशाची कार्डं. वहिनी हात राखून काम करत नसत आणि तोंडही राखत नसत. गल्लीतल्या कोणाच्या घरात काय शिजतंय ते मला पावडरीबरोबरच कळायचं.

त्यांचे मिस्टर यंदा निवृत्त झाले. मुलानं पुण्याला बोलावलं. घर भाड्यानं द्यायचं ठरलं, मंगळवारी ट्रक यायचा होता. सामानाची यादी मीच करून दिली. भांडी कोणत्या खोक्यात, गाद्या कशात, गॅस कनेक्शनचे कागद कुठे. ते मला जमतं.

माझ्या स्वतःच्या यादीत एकच काम होतं: वहिनींसाठी निरोपाचं कार्ड. त्यांना कळू न देता.

चित्र मनात पक्कं होतं. एकदा आम्ही डबा घेऊन पवनारला गेलो होतो. धाम नदीच्या पात्रात खडकावर दोन बगळे उभे होते. वहिनी म्हणाल्या होत्या, "पाय, एक तू अन् एक मी. पण जाड कोन्ता ते नको सांगू." मी दोन शिक्के कोरले, एक बगळा मान वर केलेला, एक वाकलेला. निळा हातकागद आणला, पांढरी पावडर काढून ठेवली. शनिवारी सुट्टी होती. दाराला कडी लावून बसले.

शिक्का मारला, खाली ठेवला, पावडरीची डबी उचलली. तेवढ्यात शाई सुकलेली. हातकागद शाई पितो आणि मे महिना उरलीसुरली उडवतो. डबी आधीच उघडून ठेवली, तरी तेच. डाव्या हातानं पावडर टाकून पाहिली, ती टेबलभर पडली. खिडकीला ओला टॉवेल लावला. शाईत ग्लिसरीन जास्त घातलं, तर शाई पसरली आणि बगळ्याची मान गेली. संध्याकाळपर्यंत निळ्या कागदाचा ढीग झाला आणि चांगला ठसा एकही नाही. इतक्या रविवारांत माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं, की हे काम एकटीचं नाही.

रविवारी पुन्हा बसले. कडी लावलेलीच होती. दारावर थाप पडली.

"काऊन वं, आज कडी? घरात खजिना निंगाला का?"

कडी काढावीच लागली, लपवायला वेळ मिळाला नाही. वहिनी आत आल्या, ढिगातला एक कागद उचलला, लांब धरून पाहिला.

"हे काय व्हय? बदक?"

"बगळा आहे."

"बगळा असा? याले तर मानच नाई." मग दुसरा उचलला, तिसरा. हसू जरा ओसरलं. "पवनारचे हायत ना हे? माह्यासाठी करून राह्यली तू?"

त्यांनी पदर खोचला, स्टूल ओढलं, पावडरीची डबी हातात घेतली.

"मार शिक्का. आपल्याच निरोपाचं कार्ड आपणच करून राह्यली मी. असं कोणी केलं नसन आजवर."

मी मान वर केलेला बगळा मारला. शिक्का उचलताच पावडर पडली. त्यांनी झटकली, मी इस्त्रीवर धरलं. बगळा पांढरा, फुगीर, प्रत्येक पीस दिसावं असा उमटला. वहिनींनी नखानं हलकेच चाचपून पाहिला. मग मी वाकलेला बगळा मारला. पावडर पडली, त्यांनी झटकली, आणि विजेची लाइन गेली.

इस्त्री निवत गेली. पावडर अर्धवट तापली तर खरखरीत राहते, गॅसवर धरलं तर कागद काळवंडतो. म्हणून लाइन येईपर्यंत हात लावायचा नाही, हा आमचा नियम. आम्ही बसून राहिलो. वहिनींनी पुठ्ठ्यानं वारा घ्यायला सुरुवात केली आणि पावडर आठवून लगेच थांबल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून त्यांच्या मिस्टरांची हाक आली. कपाट सुटं करायला सुतार आला होता.

दारात त्या वळल्या. "लाइन आली का धरजो इस्त्रीवर. आता त्याले माह्यी गरज नाई."

लाइन संध्याकाळी आली. मंगळवारी ट्रक आला. यादीप्रमाणे सगळं चढलं, काही राहिलं नाही. वहिनी जाताना म्हणाल्या, "माह्यं कार्ड?" मी म्हणाले, पोस्टानं पाठवते.

पुण्याहून त्यांचा फोन येतो. तिकडे गॅलरीतून दुसरी गॅलरीच दिसते म्हणतात. प्रत्येक वेळी विचारतात, "बगळा झाला का वं?" मी म्हणते, होईल.

पत्ता लिहिलेलं पाकीट तयार आहे, तिकिटंही लावली आहेत. कार्ड समोरच्या खोलीत टेबलावर आहे, वर स्टीलची परात पालथी घातलेली. एक बगळा पक्का आहे. दुसऱ्यावर वहिनींच्या हातची पावडर अजून तशीच, कोरडी. त्या खोलीत मी पंखा लावत नाही. लाइन आहे, इस्त्री कपाटात आहे. ती तापवायची राहिली आहे.