धुळ्याची रेस कोणी जिंकली

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझी पोस्टिंग धुळ्याला झाली. कॉलेजच्या कॅडेटांना परेड, रायफल आणि नकाशा शिकवायचं काम. तोवर मी युनिटमध्ये डीआर होतो. डीआर म्हणजे डिस्पॅच रायडर, मोटरसायकलवरून निरोप आणि कागद पोचवणारा जवान. बारा वर्षं बुलेटवर काढलेल्या माणसाला खडू आणि फळा दिला की तो रविवारची वाट बघतो. मीही बघायचो.

गाव माझं अमळनेरजवळ, त्यामुळे धुळं घरासारखंच. लिलावात निघालेली एक जुनी बुलेट मी घेतली आणि स्वतः खोलून जोडली. जळगावात कांतीशेठ म्हणून स्पेअर पार्टचे व्यापारी होते. आजोबांच्या काळात मारवाडातून आलेलं घर. दुकान भाऊ बघायचा आणि शेठ मोटरसायकल क्लब. डॉक्टर, फिटर, मास्तर, जिनिंगवाले, सगळे त्यात. त्यांनी मला पहिल्याच रविवारी पुढे घातलं. मी त्यांना फौजेच्या कॉन्व्हॉयसारखं चालायला शिकवलं. दोन रांगा, गाड्या एकाआड एक, मधे ठरलेलं अंतर, पुढच्याचा हात वर गेला की सगळे थांबणार. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगाव, तिथे बाकीचे मिळाले की पहूरला चहा आणि मग अजिंठ्याचा घाट. हिवाळ्यात परतीच्या वाटेवर कुणाच्या तरी शेतात भरीत. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायची, मिरच्या कुटायच्या, बांधावर बसून जेवायचं. लोक माझ्याभोवती बसत. "फौजीभाऊ, बर्फातल्या रस्त्याचं सांगा ना." मी सांगायचो. ते दिवस मला फार आवडत होते.

दुसऱ्या वर्षी नाईक हुद्द्याचा यशवंत आमच्याकडे पोस्टिंगवर आला. माझ्याच युनिटचा, माझ्याच ट्रेडचा, वयाने दहा वर्षांनी लहान. बोदवडचा. वडील रेल्वेत गँगमन होते, ते वारले होते, घरी आई एकटी. मला तो 'उस्ताद' म्हणायचा. मीच त्याला क्लबमध्ये नेलं.

त्याच्याकडे स्वतःची गाडी नव्हती. कांतीशेठनी आपली दिली. शेठ ती गाडी सख्ख्या भावालाही देत नसत. तीन रविवारांत भरिताचा घोळका माझ्याकडून उठून त्याच्याकडे गेला. तो बढाई मारत नव्हता. लोकांनाच बोलतं करायचा, आणि हसायचा. डॉक्टरांची गाडी घाटात दम टाकत होती. याने नुसता कान लावला, प्लग काढून पुसला, गाडी चालू. मी तिथेच उभा होतो. मला तेच करायचं होतं, पण त्याचा हात आधी गेला.

सोमवारी परेडला मी त्याचे बूट पाहिले. चकाचक. बेल्ट पाहिला, केस पाहिले, रायफलच्या नळीत डोकावलो. कुठेच काही सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं वाटलं असतं.

जानेवारीत क्लबची रेस असायची. धुळ्याबाहेर बाजरी निघाल्यावर मोकळं पडलेलं रान, त्यात चुन्याच्या फक्कीने आखलेला गोल ट्रॅक. एका बाजूला तो कोरड्या नाल्यातून जाई. तिथे घोट्याएवढी वाळू आणि त्यातच वळण. मडगार्ड, हेडलाइट काढून ठेवायचे आणि दहा फेऱ्या मारायच्या. आधीच्या वर्षी मी जिंकलो होतो. आमच्या कमांडिंग ऑफिसर साहेबांनी दोघांनाही परवानगी दिली. वर म्हणाले, "हातपाय मोडले तर माझ्याकडे यायचं नाही."

त्या वर्षी मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गावाहून बोलावून घेतलं. आबा शेतकरी, कमी बोलणारे. हवालदार झालो तेव्हाही "बरं शे" एवढंच म्हणाले होते. मुलगा काय करतो ते त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावं, असं मला वाटत होतं.

झेंडा पडला. पहिल्या फेरीपासून मी पुढे होतो. वाळूच्या वळणावर सगळे थ्रॉटल सोडत आणि पाय टेकवत. मीही तसंच करत होतो, फक्त इतरांपेक्षा उशिरा. आठव्या फेरीपर्यंत मागे फक्त एक आवाज राहिला. तो कुणाचा, हे वळून पाहायची गरज नव्हती. शेवटच्या फेरीत मी वळणाची आतली बाजू धरली आणि थ्रॉटल सोडला. यशवंतने उलट थ्रॉटल पूर्ण खोलला. फूटरेस्टवर उभा राहिला, मागचं चाक बाहेर जाऊ दिलं आणि माझ्या बाहेरून गेला. वाळूचा फवारा माझ्या तोंडावर बसला. एका गाडीच्या लांबीने मी हरलो.

लोकांनी त्याला उचलून घेतलं. मी गाडी स्टँडला लावून आबांकडे गेलो. ते बांधावर उभे होते, डोक्यावरची टोपी हातात.

"भास्कर, हाऊ पोऱ्या कोना शे?"

"माझ्या हाताखालचा आहे, आबा."

"गाडी चालाडानी ते अशी," आबा म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तूबी बरा चालाडस."

मला सलेल असं काही त्यांना म्हणायचं नव्हतं. त्यांनी पाहिलं ते सांगितलं.

पुढच्या रविवारपासून यशवंत माझ्या मागे राहू लागला. रस्ता मोकळा असला तरी पुढे जायचा नाही. घाटात मी मुद्दाम गाडी हळू केली, तोही हळू झाला. पहूरला मी त्याला बाजूला घेतलं.

"पुढे का जात नाहीस?"

"तुम्ही लीडर आहात, उस्ताद."

"दया करू नकोस माझ्यावर."

तो चहावाल्याकडे वळला. नंतर चहाचा कप आणून माझ्या हातात दिला. हरण्यापेक्षा तो कप मला जास्त झोंबला.

पोस्टिंग संपली. दोघेही युनिटमध्ये परत गेलो. तेव्हा युनिट पूर्वेकडच्या डोंगराळ भागात होतं. मी डीआर सेक्शनचा प्रमुख, यशवंत माझ्या सेक्शनमध्ये. धुळ्याच्या रेसची गोष्ट त्याने नाही, मेसमधल्या दुसऱ्या कुणीतरी पसरवली. मला मेसमध्ये जेवण गोड लागेनासं झालं.

हिवाळ्यातली एक दुपार. आमची एक पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, नदीपलीकडे अडकली. लाकडी पूल आदल्या रात्री बंडखोरांनी जाळला होता. नदीचं पात्र रुंद, मधे पाण्याची एक धार, बाकी सगळी वाळू. जीप उतरवली, ती ॲक्सलपर्यंत रुतली. वायरलेस सेटवर शेवटचा मेसेज आला, "दो घायल. बैटरी कमजोर. ओव्हर." त्यानंतर फक्त खरखर.

"अल्फा फॉर टायगर. अपनी पोजिशन बताओ. ओव्हर." ऑपरेटर पुन्हा पुन्हा पेट्रोलला, म्हणजे टायगरला, बोलावत होता. उत्तर नाही. पेट्रोल पलीकडच्या काठाजवळ असल्याचं ठाऊक होतं, पण नकाशावरची नेमकी पोजिशन कळल्याशिवाय मदतीचा फायर देता येत नव्हता.

मेजर साहेब कोल्हापूरकडचे, माझ्याशी मराठीत बोलत.

"भास्कर, बॅटरी पलीकडे पोचवायची. वाळूतून गाडी कोण नेईल?"

"मी जातो, साहेब."

"जायला तयार कोण, हे नाही विचारलं. धुळ्याची रेस कोणी जिंकली होती?"

यशवंत शेजारीच सावधान उभा होता.

"नाईक यशवंतने, साहेब."

"मग तो जाईल."

बॅटरी त्याच्या पाठीला मीच बांधली. म्हणालो, "पाण्याच्या कडेची वाळू ओली असते, तिथून काढ."

"हो, उस्ताद."

दुर्बिणीतून मी पाहत होतो. पात्रात उतरताच तो फूटरेस्टवर उभा राहिला. गाडी दोन वेळा आडवी झाली, दोन्ही वेळा त्याने थ्रॉटल खोलून ती सरळ केली. पाण्याची धार ओलांडली. समोरच्या झाडीतून केव्हाही गोळी येऊ शकत होती, हे मला माहीत होतं. तरी त्या क्षणी मला हेवाच वाटला. ते काम माझं असायला हवं होतं.

थोड्या वेळाने सेट बोलला. "टायगर फॉर अल्फा. पार्सल मिला. पोजिशन भेज रहे हैं. ओव्हर." मागे सगळ्यांनी श्वास सोडला.

एक जखमी जवान बसू शकत होता. यशवंतने त्याला मागे बसवलं, पट्ट्याने स्वतःशी बांधलं आणि निघाला. पात्राच्या मध्यावर बाजूच्या झाडीतून गोळ्यांचा बर्स्ट आला. आमच्या एलएमजीने, लाइट मशीनगनने, लगेच उत्तर दिलं. गाडी डगमगली, पण पडली नाही. तो आमच्या काठाला आला, ब्रेक मारला. मी सर्वांत आधी पोचलो. पट्टा सोडून जखमीला खाली घेतलं. मग यशवंत हँडलवर वाकला. गोळी बरगडीतून गेली होती. मी त्याचं नाव घेत राहिलो. डॉक्टर आले तेव्हा तो गेला होता.

तो जखमी जवान जगला. मदतीचा फायर मिळाला आणि संध्याकाळी पेट्रोल परतली, दुसऱ्या जखमीसह. सगळे जिवंत.

पुढच्या सुट्टीत मी बोदवडला गेलो. स्टेशनापासून चालत. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिच्या खाली युनिफॉर्ममधला यशवंत. त्याच्या आईला सगळे अक्का म्हणत. मी जय भीम केला, नाव सांगितलं. त्या खाटेवर सरकल्या, मला जागा करून दिली. मी तयार करून नेलेली वाक्यं बोललो. शौर्य, युनिट, अभिमान. त्यांनी ऐकून घेतली.

मग म्हणाल्या, "भाऊ, म्या त्याले गाडीवर कधी पायलंच नाही. कसा चालवे तो?"

मी भिंतीवरच्या यशवंतकडे पाहिलं.

"माझ्यापेक्षा चांगला, अक्का," मी म्हणालो. "मी पाहिलेल्या सगळ्यांपेक्षा चांगला."

यशवंतला हे मी एकदाही सांगितलं नव्हतं.

अक्का उठल्या, दारात जाऊन शेजारच्या बायकांना हाक मारली. चार-पाच जणी आल्या, दोन म्हातारे आले. अक्का माझ्यासमोर खाली बसल्या.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "पयल्यापासून सांगा. यायलेबी ऐकू द्या."

मी सांगायला लागलो. नाल्यातलं वळण आलं तेव्हा उठून उभा राहिलो आणि तो कसा उभा राहायचा ते त्यांना करून दाखवलं.